साक्षीचा पारा

१

पेटी चुलीत गेली होती. उरलं होतं ते पत्र्याचं एक काळं पान. रूपालीनं ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सरिता, याच्यापायी माझा बाप धड जेवत नाही."

मी सरिता. जळगावात विमा कंपन्यांसाठी सर्व्हेअरचं काम करते. गोदाम जळलं की मालक रडतो, आणि तो खरा रडतोय का हे बघायला मला पाठवतात. या धंद्यात माणसांवरचा विश्वास उडत जातो आणि वस्तूंवरचा वाढत जातो. रूपाली माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि तिचे वडील कौतिक बडगुजर म्हणजे पारोळ्याचे निवृत्त पोस्टमास्तर. गाव त्यांना आबा म्हणतं.

भानगड होती मोबाइलवरच्या एका ग्रुपची. 'खान्देशचा पारा' त्याचं नाव. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, आमच्याकडचे लोक ऊन जमवतात. दुसरं आहे काय आमच्याकडे? प्रत्येकाच्या अंगणात किंवा गच्चीवर फटीफटींची पांढरी लाकडी पेटी, तिच्या सावलीत टांगलेला थर्मामीटर. सकाळी रात्रीचा नीचांक टाकायचा, संध्याकाळी दिवसाचा उच्चांक. मग भांडायचं. चोपडा तापलं की जळगाव, यावल खरं की धुळं खोटं. मीही त्यात होते, नुसती वाचायला. दिवसभर खोटे क्लेम बघितल्यावर ही भांडणं मला निरागस वाटायची. माझी अक्कल तेवढीच.

ग्रुपचा एक कडक नियम होता. कुणी आजवरचा विक्रम मोडला तर तिघा पंचांपैकी एकानं न सांगता त्याच्या घरी जायचं. आधी पेटी तपासायची. पेटी ठीक असेल तर ग्रुपचा स्वतःचा थर्मामीटर शेजारी टांगून ताडून बघायचं. या थर्मामीटरला 'साक्षी' म्हणत. पेटीतच खोट निघाली तर ताडणं नाहीच, माणूस थेट बाहेर.

मे महिन्यात आबांनी आकडा टाकला, ४८.२. एवढा कुणाचाच कधी नव्हता. काही दिवसांनी यावलचे पंच प्रेमराज भंगाळे पारोळ्याला आले, पेटी उघडली, तर मागच्या फळीला आतून काळा पत्रा. काळा पत्रा तापतो, पेटी तापते, पारा चढतो. त्यांनी पत्र्याचा काढलेला फोटो 'पारोळ्याची लबाडी' म्हणून ग्रुपच्या माथ्यावर टाचला गेला. मग जे काय सुरू झालं ते वाचवत नव्हतं. ज्यांच्या बदलीचे अर्ज आबांनी लिहून दिले होते, ज्यांना पहिली पेटी त्यांनीच बनवून दिली होती, तेही टाळ्या पिटत होते. आबांना काढलं आणि त्यांच्या साऱ्या जुन्या पोस्टही उडवल्या. त्याच संध्याकाळी आबांनी कुऱ्हाड घेतली आणि पेटी फोडून चुलीत घातली.

"विक्रम गेला खड्ड्यात," रूपाली म्हणाली. "सकाळचा आकडा माझी आई बघायची. आबा रोज टाकायचे, 'सकाळ, भिकुबाई', आणि पुढं ती बोलेल ते वाक्य. 'आज भरीत तिखट झालं.' 'आज चिमण्या लवकर बोंबलल्या.' दोन वर्षं झाली आई जाऊन. रोज रात्री मागं जाऊन ते वाचत बसायचे. तेच उडवलं गं. पंच म्हणतात, निर्दोष आहेत हे सिद्ध करा, मग पोस्ट परत आणायचं बघू."

मी ते काळं पान उलटं केलं. मागं दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचे तुकडे होते, धुरानं करपलेले. खिळ्याचं एकही भोक नव्हतं. पोस्टमास्तरांच्या हातची पेटी, आणि त्यात टेप?

२

पारोळ्यात आबा ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली, बस्स. अंगणात पेटीचा खांब तेवढा उभा होता.

"आबा, पेटी दिवसातून किती वेळा उघडता?"

"सांजले." मग, "सकायले भिकू उघाडे. ती गई, मंग सकायना आकडा बी गया. मी सकायले हात लावत नई."

पत्रा त्यांनी लावला का, हे विचारायची मला लाज वाटली, तरी विचारलं. माझं कामच ते. त्यांनी वळून माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा प्रश्न गिळला.

पडवीत एक घमेलं होतं आणि त्यात भुसा लागलेलं, भिजून वाळलेलं गोणपाट. रूपालीला विचारलं. "त्या दिवसांत आबा रोज सकाळी स्टँडवर जाऊन बर्फाची लादी आणायचे," ती म्हणाली. "मी शाळेत सुट्टीतले जादा वर्ग घ्यायला गेलेली असायचे. संध्याकाळी बघावं तर नुसतं पाणी. सरबत करायचे असतील."

"सरबताला अख्खी लादी?"



विक्रमाच्या दिवशीचा आबांनी टाकलेला फोटो मिळाला असता तर प्रश्नच मिटला असता, कारण तो पेटी उघडून काढलेला होता. पण आबा ग्रुपमधूनच कॅमेरा चालवायचे, त्यामुळे मोबाइलमध्ये काही नाही, आणि ग्रुपमधला पोस्टबरोबर गेला. पेटी जळली, फोटो उडाला. आबांच्या बाजूनं बोलायला काहीच उरलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी चिडून बसले होते. दिराला मेसेज केला की जेवायला उशीर होईल, आज तीन गोदामं बघितली. त्याला माझा संशय आला असावा, कारण उत्तरादाखल त्यानं एक स्टिकर पाठवलं. थापा मारणाऱ्याला पाठवायचं ते स्टिकर त्या महिन्यात जिल्हाभर फिरत होतं. थर्मामीटरला काळा गॉगल लावलेला, खाली अक्षरं: '४८.२ आबा. फेका, पण सावलीत!'

मला इतका राग आला की फोन बंद करणार होते. मग तसाच डोळ्यांजवळ नेला.

३

ते स्टिकर आबांच्याच फोटोतून कापलेलं होतं. हसायच्या घाईत कापणाऱ्यानं कडा नीट कापल्या नव्हत्या. एका बाजूला पेटीच्या दाराची कडी आणि तिला बांधलेली हिरवी चिंधी दिसत होती. आणि थर्मामीटरच्या मागं, गॉगलच्या वर आणि खाली, मागच्या फळीच्या फटींतून आलेला उजेड होता. पांढऱ्या आडव्या रेघा, एकीखाली एक.

काळा पत्रा तिथं असता तर उजेड आला कुठून असता?

म्हणजे विक्रमाच्या दिवशी पत्रा नव्हता. तो नंतर आला, पंच येण्याच्या आधी. ज्यांनी आबांची थट्टा केली त्यांनीच त्यांचा पुरावा जपून ठेवला होता, आणि हजारो लोकांनी तो पुढं पाठवला होता. बघितला एकानंही नव्हता.

मग मी ग्रुपच्या माथ्यावर टाचलेला प्रेमराजभाऊंचा फोटो उघडला. भर दुपारचा. पत्रा स्पष्ट दिसत होता, पण मला थर्मामीटर बघायचा होता. आबांचा थर्मामीटर जुन्या पद्धतीचा. वाकवलेली नळी, तिच्यात दोन बारीक लोखंडी काड्या. पारा चढला की एक काडी ढकलली जाते आणि सगळ्यात गरम आकड्याला थांबते, दुसरी सगळ्यात थंड आकड्याला. आकडे लिहून झाले की बटण दाबायचं, काड्या खाली पाऱ्याला येऊन टेकतात, नवा हिशेब सुरू.

फोटोत थंडीची काडी पस्तीसवर होती.

त्या पहाटे सगळ्या खान्देशात नीचांक एकोणतीस-तीसच्या आसपास होता, ग्रुपमध्येच लिहिलेलं होतं. आबांची काडीही तिथंच असायला हवी होती. ती पस्तीसवर होती याचा अर्थ एकच. ऊन वर आल्यावर, पारा पस्तीसला पोचला असताना, कुणीतरी पेटी उघडली आणि बटण दाबलं. आबा सकाळी पेटीला हात लावत नव्हते. प्रेमराजभाऊंनी दुपारी दाबलं असतं तर काडी चाळिशीच्या पुढं दिसली असती.

गावातल्या टवाळ पोरानं पत्रा चिकटवला असता आणि पळाला असता. बटण तो कशाला दाबेल? बटण दाबतो तो रोज पेटी उघडणारा माणूस, देवळाच्या पायरीला हात लावावा तसा, नकळत. म्हणजे चोर हौशी होता, आपल्यातलाच. आणि साक्षीची तारीख फक्त तिघा पंचांना ठाऊक होती.

४

यावलला प्रेमराजभाऊ केळीच्या बागेत भेटले. पानं उन्हानं फाटली होती आणि तेही तसेच दिसत होते. पेटी दाखवा म्हटलं तर त्यांनी स्वयंपाकघरातला आकड्यांचा डबा दाखवला. "वायर पेटीत, आकडा इथं. बटण-बिटण काही नाही. म्हातारपणी गच्चीवर कोण चढतं?"

"पत्रा बघून काय वाटलं?"

"वाईट वाटलं." मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. पारोळा नेहमी आमच्यापेक्षा दीड डिग्री वर. दरवर्षी. मनात यायचंच."

"साक्षी तुमच्याकडेच असते?"

"छे, ती दीपकभाऊंकडे, धुळ्याला. मी यावलहून जळगाव, जळगावहून पारोळा. धुळ्यापर्यंत कोण जाईल? पारोळ्याच्या स्टँडवर रसवंतीत ठेवली होती, तिथून उचलली. पण तिचं कामच पडलं नाही. पेटीतच खोट, मग ताडायचं काय?"

"आबा काही बोलले?"

"घमेलं घेऊन पुढं आले होते. बर्फ, बर्फ करत होते. मी म्हटलं, आबा, आता सरबत नको."

चोपड्याला दुसऱ्या पंच, पुनम महाजन, आपल्या औषधांच्या दुकानात उभ्या होत्या. आबांच्या आधीचा विक्रम त्यांचा, त्यामुळे माझा पहिला संशय त्यांच्यावर होता. पण त्या दिवशी सकाळी त्यांच्या दुकानाची सरकारी तपासणी होती आणि अख्खा बाजार बाहेर उभा राहून मजा बघत होता.

"पोस्ट कुणी उडवल्या?" मी विचारलं.

"मी. काढताना विचारतात, जुन्या पोस्टही काढायच्या का. मी हो केलं."

"चुकून?"

"चुकून कशाला? घाण काढायची तर पुरती काढावी." त्यांनी गिऱ्हाइकाला क्षारांच्या पुड्या मोजून दिल्या आणि माझ्याकडे परत बघितलंही नाही.

धुळ्याचे तिसरे पंच दीपक अमृतकर मात्र माणूस म्हणून गोड. गल्लीत चष्म्यांचं दुकान, ग्रुप त्यांनीच काढलेला, सगळे त्यांना दीपकभाऊ म्हणतात. चहा मागवला, गच्चीवर नेलं, पेटी उघडून दाखवली. "आबांचं फार वाईट झालं हो. पण नियम तो नियम," असं बोलता बोलता त्यांचा अंगठा गेला आणि बटण दाबून आला. त्यांना कळलंही नाही.

"साक्षी पारोळ्याला कशी पोचवलीत?"

"एसटीच्या पार्सलनं. मी काही त्या दिवशी दुकान सोडलं नाही."

एसटीचं पार्सल पार्सलच्या खिडकीवर उतरतं, रसवंतीत नाही. मी तशीच पारोळा स्टँडवर उतरले. रसवंतीवाल्या बिजलीबाई चरकात ऊस सारत म्हणाल्या, "चष्मावाले भाऊ ना? सकाळी ऊन चढल्यावर ठेवून गेले की. म्हणाले, दुपारी यावलचे भाऊ येतील, त्यांना द्या. आबा तेव्हा समोर बर्फाच्या रांगेत उभे होते. यांनी त्यांना हाकही नाही मारली, उलट त्यांच्याच घराच्या बाजूला चालायला लागले."

कोण, हे कळलं होतं. का, ते कळेना. विक्रम दीपकभाऊंचा नव्हता. पोस्टमास्तरांशी त्यांचं वैर नव्हतं.

मग मला बर्फ आठवला, आणि मी आबांच्या घराकडे वळले.

५

"आबा, बर्फ साक्षीसाठी होता ना?"

त्यांनी भिंतीकडचं तोंड पहिल्यांदा पूर्ण वळवलं. पोस्टात मनीऑर्डर समजावून सांगत असतील तसं हळूहळू सांगितलं. वितळत्या बर्फात कुठलाही थर्मामीटर घाला, शून्य दाखवायला पाहिजे. त्यांचा दाखवत होता. मग पारोळा नेहमी वर का? तर बाकीचे खाली म्हणून. बाकी सगळ्यांनी आपापले थर्मामीटर साक्षीशी जुळवून घेतले होते. आबांनी नव्हता घेतला. विक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी दीपकभाऊंना खासगीत लिहिलं होतं: साक्षी आणा, बर्फ मी आणतो.

"बर्फ कोना गावना नई ऱ्हास," आबा म्हणाले. "पारोयाले बी शून्य, धुयाले बी शून्य."

ते मला ताबडतोब पटलं आणि अंगाची लाही झाली. पंच कधी येतील माहीत नाही म्हणून हा माणूस रोज लादी आणून वाट बघत बसायचा, आणि ती रोज वितळून जायची.

रविवारी मी तिघा पंचांना दीपकभाऊंच्या दुकानात गाठलं. घमेल्यात कुटलेला बर्फ माझाच. स्टिकर दाखवलं, काडी दाखवली, बिजलीबाईंचं सांगितलं. दीपकभाऊ हसत होते. मग मी म्हटलं, "साक्षी काढा."

ते उठले नाहीत. प्रेमराजभाऊंनीच कपाट उघडलं आणि साक्षी बर्फात रोवली. आम्ही चौघं घमेल्याभोवती वाकून उभे राहिलो. पारा शून्याला आला, थांबला नाही, खाली गेला. दीड डिग्री खाली.

"पहिली माझ्या हातून पडून फुटली होती," दीपकभाऊ म्हणाले. "कुणाला कळू नये म्हणून तशीच दुसरी आणली. तपासली नाही. तोवर सगळ्यांनी तिच्यावर आपापले लावून घेतले. मग आबांचं पत्र आलं. तुम्हीच सांगा, काय करायचं होतं मी?"

"खरं सांगायचं होतं," मी म्हटलं.

"शेकडो माणसांची वर्षानुवर्षांची मेहनत चुकीची आहे म्हणून? एका म्हाताऱ्यापायी?"

पुनमताईंनी मनात बेरीज केलेली मला चेहऱ्यावर दिसली. "म्हणजे चोपडा अठ्ठेचाळीसच्या वर गेलं होतं," त्या पुटपुटल्या. मग त्यांचं तोंड उतरलं, कारण ते सिद्ध करायला साक्षी खोटी होती असं जाहीर करावं लागणार होतं.

मी वाट बघत होते की दोघांपैकी एक तरी दीपकभाऊंना काही बोलेल. प्रेमराजभाऊ घाम पुसत म्हणाले, "आता हे बाहेर काढलं तर ग्रुप राहील का? सगळा जिल्हा हसेल आपल्याला. आबांना परत घेऊ. 'तांत्रिक गैरसमज' असं लिहू. त्यांचंही समाधान, आपलंही."

"आणि लबाडीचा फोटो?"

"काढू की, हळूच."

"आणि त्यांच्या पोस्ट?"

पुनमताई बर्फाकडे बघत होत्या. "त्या परत येत नाहीत. एकदा काढल्या की कायमच्या."

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग सिद्ध करा, बघू, असं का सांगितलंत त्या मुलीला?"

"कुणी सिद्ध करेल असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

मी आयुष्यात पुष्कळ लबाड माणसं बघितली. स्वतःचं दुकान पेटवून देणारी बघितली. त्यांचा मला एवढा तिटकारा आला नव्हता.

बाहेर येऊन गल्लीतच उभी राहून मी सगळं ग्रुपवर लिहिलं, घमेल्याच्या फोटोसकट. दोन-चार जणांनी वाचलं असेल नसेल, तेवढ्यात मजकूर दिसेनासा झाला. खाली ग्रुपचा नियम आला: इथे फक्त हवामान, वैयक्तिक वाद नको. त्यावर लोकांचे नमस्काराचे हात आले, बरं केलंत दीपकभाऊ म्हणून. मी उत्तर द्यायला गेले तर मी सदस्यच नव्हते.

६

आबांना मी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. रूपाली दाराशी उभी राहून रडत होती. दीपकभाऊंचं नाव आलं तेव्हा आबांनी नुसतं हं केलं. साक्षी दीड डिग्री खाली गेली हे ऐकून मान हलवली. परत घेणार आहेत, हे त्यांनी हातानंच बाजूला सारलं.

"भिकूना आकडा?" त्यांनी विचारलं.

"ते परत येत नाहीत, आबा."

"एक बी नई?"

"एकही नाही."

ते खांबाकडे बघू लागले. मला वाटलं, आता पुन्हा भिंतीकडे वळतील. पण त्यांनी हात पुढं केला. "ते चित्र दखाड. लोके हासतस ते."

त्यांनी ते तोवर बघितलंच नव्हतं. घरात कुणी दाखवायची हिंमत केली नव्हती. मला द्यायचं जिवावर आलं, तरी दिलं. गॉगल, त्याखालची अक्षरं, सगळं त्यांनी सावकाश वाचलं. मग त्यांचं बोट कडेच्या हिरव्या चिंधीवर थांबलं.

"हाई भिकूनी बांधेल शे," ते म्हणाले. "तिना लुगडाना काठ. कडी तापे ना सकायनी बी, बोट भाजे तिनं." चिंधी पेटीबरोबर चुलीत गेली होती. रागाच्या भरात ती त्यांच्या ध्यानातच आली नव्हती.

"माले धाड ते."

"आबा, त्यात तुमची थट्टा लिहिलीय."

"वाचता येस माले," आबा म्हणाले.

मी पाठवलं. त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा लावला आणि दोन बोटांनी चित्र मोठं करत गेले, आधी अक्षरं पडद्याबाहेर गेली, मग गॉगल गेला, मग पारा गेला. नुसतं हिरवं उरलं, तेव्हा ते थांबले. रूपालीनं आत जाऊन ताट वाढून आणलं आणि त्यांच्या शेजारी ठेवलं.